एन्सेलॅडसचा फवारा कमीजास्त का होतो?

जबल हफीतच्या पायथ्याशी, मुबझ्झराच्या गरम झऱ्यात पाय सोडून आपण अल ऐनकर बसतो. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावरही आतलं पाणी वर येतं, पण ते थेट अवकाशात उडतं. आणि त्याचा जोर बदलत राहतो.

आधी जागा समजून घेऊ. हा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. वर बर्फाचं कवच, खाली खारा समुद्र. दक्षिण ध्रुवाजवळ कवचाला चार लांब भेगा आहेत. त्यांची नावं अरबी सुरस कथांतून घेतलेली: बगदाद, दमास्कस, कैरो, अलेक्झांड्रिया. आपल्याला ती वेगळी पाठ करायला नकोत!

आता जोर का बदलतो ते पाहू. एन्सेलॅडस सुमारे ३३ तासांत शनीभोवती फिरतो, पण त्याची कक्षा थोडी लांबट आहे. त्यामुळे शनीची ओढ कमीजास्त होते आणि कवच कधी दाबलं, कधी ताणलं जातं. शनीपासून लांब गेल्यावर भेगा जास्त फाकतात. त्यातून पाण्याची वाफ सुटते आणि तिच्याबरोबर बर्फाचे बारीक कण.

घोटाळा होतो तो मोजताना. कॅसिनी यानाच्या छायाचित्रांत कक्षेच्या लांबच्या टोकाला फवारा तीन-चार पट उजळ दिसला. मग वाफही तेवढीच वाढली असेल, असं आपल्याला वाटतं. पण कॅमेऱ्याला वाफ दिसत नाही, दिसतात ते कण. तेही किती उजळ दिसतात, ते सूर्य कुठे आहे त्यावर ठरतं. संध्याकाळी अबुधाबीच्या रस्त्याला लागलं की सूर्य समोर येतो, आणि सकाळी न दिसलेली काचेवरची धूळ एकदम चमकते. धूळ तीच असते. म्हणून प्रकाशाचा हा कोन हिशेबात धरूनच छायाचित्रांची तुलना करावी लागते.

वाफ मोजायची युक्ती निराळी. फवाऱ्यामागून एखादा तारा जाताना त्याचा अतिनील प्रकाश, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश, किती अडला ते पाहायचं. ११ मार्च २०१६ रोजी लांबच्या टोकाजवळ कॅसिनीने असं मोजमाप केलं. एकूण वाफ आधीच्या मोजमापांपेक्षा जेमतेम २० टक्के जास्त भरली. बगदाद भेगेतली एक धार मात्र चौपट झाली होती. म्हणजे बरीचशी वाफ भेगांमधून संथपणे येत राहते, आणि कण उधळतात ते बहुधा अशा जोरकस धारांमुळे.

२०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनेही पाहिलं. सेकंदाला सुमारे ३०० किलो पाणी, कॅसिनीच्या आकड्याच्या आसपासच.

२०१६च्या मोजमापाला वापरलेला तारा म्हणजे मृगातल्या त्रिकांड बाणाचा मधला. त्याचं अल्निलाम हे नाव ज्या अरबी शब्दावरून आलं, त्याचा अर्थ मोत्यांची माळ. जानेवारीत रात्री जबल हफीतवर गेलात तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. फवारा मात्र घरच्या दुर्बिणीतून शोधत बसू नका.