काळी जमीन आणि पाटाचे पाणी

काळ्या जमिनीला आपण कसदार म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण तिचा स्वभाव मोठा चमत्कारिक. काळा पाषाण झिजून बनलेल्या या मातीतील चिकण भाग पाण्याने फुगतो, उन्हाने आक्रसतो. वैशाखात नीरेकाठच्या रानांत हात जाईल अशा भेगा पडतात. वरची माती त्यांत ढासळते. जमीन जणू स्वतःच नांगरली जाते! पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून खोल उतरते, मग माती फुगून भेगा मिटतात. त्या साठलेल्या ओलीवरच रब्बीची ज्वारी पोसते.

परंतु अशा मातीत मुरलेले पाणी लवकर निचरत नाही. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, उसाला बारमाही पाणी मिळाले, आणि पुढे सखल रानांत पांढरे क्षार फुलले. हॅरॉल्ड मान यांनी १९१० साली या खारवट जमिनींविषयी लिहिले आहे. सोडियम वाढला की जमीन चोपण होते. जिप्सम टाकल्यास त्याची जागा कॅल्शियम घेतो. पण सुटलेला सोडियम वाहून जायला आधी चर हवेत. चर शेजाऱ्याच्या रानातून न्यावे लागतात, आणि घोडे तेथेच अडते.