ठोके सांभाळणारी गोळी आणि डोळे

(हृदयाची औषधं : लेखांक ७)

हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या अमिओडेरोन या औषधाच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. ते थायरॉइडला कसं छळतं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज डोळ्यांकडे वळू. त्यांच्यावर या औषधाचे दोन परिणाम होतात. एक जवळजवळ सगळ्यांना होतो आणि निरुपद्रवी असतो. दुसरा क्वचित होतो, पण नजर घेऊन जाऊ शकतो. या दोघांची गल्लत झाली, की पेशंट भलत्याच गोष्टीला घाबरतो.

गोळी सुरू होऊन काही महिने झाले, की स्लिट लॅम्पसमोर हनुवटी टेकवून बसलेल्या पेशंटच्या कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, डॉक्टरांना सोनेरी-तपकिरी बारीक रेषा दिसू लागतात. मध्याच्या जरा खालून निघून त्या डोक्यावरच्या भोवऱ्यासारख्या वळत बाहेर जातात. पेशींमध्ये टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट लावणाऱ्या सूक्ष्म पिशव्या असतात. हे औषध तिथे शिरून एका जातीच्या स्निग्ध द्रव्याला चिकटतं. मग ते द्रव्य विघटित होत नाही, साचत जातं. कॉर्नियाच्या वरच्या थरातल्या पेशी आयुष्यभर कडेकडून मध्याकडे सरकत असतात. एरवी कुणालाही न दिसणारी त्यांची ही वाट या साठ्यामुळे रंगून दिसते. मला तरी हे शरीरातलं एक विलक्षण दृश्य वाटतं.

या रेषांनी सहसा नजर कमी होत नाही. काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, एवढंच. औषध थांबल्यावर रेषा काही महिन्यांत विरतात. पण निव्वळ त्यांच्यासाठी ते थांबवायची गरज नसते. तरीही ‘डोळ्यात औषध साठलंय’ एवढं कानावर पडलं, की काही जण परस्पर गोळी सोडतात. ज्यांच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून जीवघेणे वेगवान ठोके सुटतात, त्यांनाही ही गोळी दिलेली असते. अशा माणसाने ती मनाने सोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

खरी काळजी डोळ्यामागच्या नसेची. काही मोजक्या पेशंटांमध्ये ही नस सुजते. दुखत नाही, लालीही येत नाही. नजर धूसर होते किंवा समोरच्या दृश्याचा एखादा भाग दिसेनासा होतो. पुष्कळदा हे हळूहळू आणि दोन्ही डोळ्यांत होतं. वय साठीपुढचं असलं, की घरचे म्हणतात, ‘मोतीबिंदू असेल, दिवाळीनंतर दाखवू.’ इथेच मौल्यवान आठवडे जातात. बीपी आणि मधुमेहानेही नसेला इजा होते, त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे ठरवणं डॉक्टरांनाही सोपं नसतं. म्हणून गोळी सुरू करतानाच थेंब घालून, बाहुली मोठी करून नस तपासून घ्यावी आणि पुढेही ठरावीक काळाने तपासावी. नंतर बदल झालाच, तर ताडून पाहायला आधीची नोंद हाताशी राहते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना हृदयाच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या. ‘बीपीची गोळी चालू आहे’ एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही.

नजरेत असा फरक जाणवला, तर दोन्ही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. गोळी बदलायची का, हे त्यांना मिळून ठरवू द्या. हे औषध शरीरातून जायला महिने लागतात; त्यामुळे ते नुकतंच बंद झालं असेल, तरी त्याचं नाव सांगायला विसरू नका.

(पुढील आठवड्यात : डिगॉक्सिन आणि पिवळं दिसणारं जग)