वेबकॅममधील चित्र : दाखवण्याची प्रत आणि जपण्याची प्रत

बोलीचा अभ्यास करताना आवाजाबरोबर बोलणाऱ्याचा चेहराही टिपला जावा, असे मला वाटते. ओवी म्हणताना मान कुठे डुलते, ‘एवढे’ म्हणताना हात किती पसरतात, हे नुसत्या ध्वनिमुद्रणात येत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या घरांत हिंदीच्या शेजाराने घडलेली मराठी बोलणारी वडीलधारी मंडळी आहेत. त्यांचे बोलणे टिपण्याची संधी दुसऱ्यांदा मिळेलच असे नाही. या कामाला संगणकाचा वेबकॅम आणि पायथन भाषेतील लहानसा प्रोग्राम पुरतो. तो आतून कसा चालतो, हे भाषेच्या शिक्षकालाही सहज समजण्यासारखे आहे.

वेबकॅम सेकंदाला साधारण ३० स्थिर चित्रे पाठवतो. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. ओपनसीव्ही या मोफत लायब्ररीतील ‘व्हिडिओकॅप्चर’ या आज्ञेला ० हा क्रमांक दिला की बहुधा संगणकाचा पहिला कॅमेरा उघडतो. मग एक चक्र सुरू होते : ‘रीड’ने फ्रेम घ्यायची, ‘आयएमशो’ने ती खिडकीत दाखवायची आणि ‘वेटकी’ने क्षणभर थांबायचे. हे थांबणे गाळले तर खिडकी कोरी राहते, कारण चित्र उमटवण्याचे काम त्याच क्षणात होते. शेवटी ‘रिलीज’ने कॅमेरा मोकळा करायचा.

प्रोग्रामच्या लेखी फ्रेम म्हणजे अंकांचा तक्ता. ६४० × ४८० आकाराच्या फ्रेममध्ये ३,०७,२०० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यासाठी तीन रंगांचे तीन अंक. म्हणजे एका फ्रेमला ९,२१,६०० बाइट लागतात. ओपनसीव्ही हे रंग निळा, हिरवा, तांबडा या क्रमाने ठेवते. टिकिंटरसारख्या साधनाने आपली खिडकी तयार करताना हा क्रम उलटवला नाही, तर माणसांचे चेहरे निळसर दिसतात.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, फ्रेम हाती येताच तिच्या दोन प्रती कराव्यात : एक पडद्यावर दाखवण्यासाठी, दुसरी जपण्यासाठी. समोर बसलेल्या आजींना स्वतःची छबी आरशासारखी दिसली की मोकळे वाटते. म्हणून दाखवायची प्रत ‘फ्लिप’ने उलटवावी. जपायची प्रत मात्र सरळच हवी. नाहीतर त्यांनी कौतुकाने पुढे धरलेल्या जुन्या वहीतली अक्षरे कायमची उलटी नोंदली जातील.

नावाचेही तसेच. ओपनसीव्हीच्या चौथ्या आवृत्तीतील ‘पुटटेक्स्ट’ ही आज्ञा हर्शी अक्षरसंच वापरते. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. पिलो या लायब्ररीने देवनागरी फाँट वापरून अक्षरे काढता येतात. पण तिच्यासोबत राक्म हा मजकूर-जुळणीचा घटक असला पाहिजे. तो नसेल तर ‘विठ्ठल’ लिहिताना वेलांटी ‘व’च्या मागे जाते आणि ‘ठ्ठ’ हे जोडाक्षर सुटते. हे नाव दाखवायच्या प्रतीवर उमटवावे. जपायच्या चित्रावर ते छापले तर पुढे दुरुस्त करता येत नाही. त्यापेक्षा नाव, गाव आणि बोलण्याचे शब्द युनिकोडमध्ये वेगळ्या उपशीर्षक-फाइलीत ठेवावेत. ते दुरुस्त करता येतात आणि त्यांत शब्द शोधताही येतो.

दोन गोष्टींची आधीच काळजी घ्यावी. ओपनसीव्हीची ही नेहमीची पद्धत आवाज टिपत नाही. तो वेगळा मुद्रित करावा आणि आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की दोन्ही फाइली जुळतात. दुसरे, अंधाऱ्या खोलीत अनेक वेबकॅम फ्रेमचा वेग कमी करतात. कॅमेरा सेकंदाला १५ फ्रेम देत असताना फाइल ३० च्या वेगाने लिहिली, तर आजी दुप्पट वेगाने हातवारे करताना दिसतात आणि आवाज मागे राहतो. म्हणून प्रत्यक्ष वेग आधी मोजावा, शक्यतो बोलणाऱ्याला खिडकीच्या उजेडात बसवावे.

विद्यार्थ्यांनी पहिला प्रयोग घरच्या माणसांवर करावा : दोन मिनिटांचे बोलणे, त्यांच्या संमतीने. आजोळच्या बोलीतला एखादा शब्द त्यात सापडला, तर त्याचा उच्चार आणि तो उच्चारणारा चेहरा दोन्ही अभ्यासासाठी हाताशी राहतील.