स्मृतिवस्तू, स्थलविषयक

एखाद्या नगरास, तीर्थक्षेत्रास वा प्रेक्षणीय स्थळास भेट दिल्याची खूण म्हणून तेथून आणलेल्या लहान वस्तू. तेथील प्रसिद्ध वास्तूच्या वा मूर्तीच्या लघुप्रतिकृती, चित्रे, बिल्ले, वस्त्रे, खेळणी, स्थानिक कारागिरीच्या वस्तू इत्यादींचा त्यांत समावेश होतो. मराठीत ‘स्मृतिचिन्ह’ हा शब्द समारंभात पाहुण्यास देण्यात येणाऱ्या ढालीस रूढ झाला आहे. येथे अभिप्रेत असलेली वस्तू प्रवाशाने स्वखुशीने निवडलेली व बहुधा विकत घेतलेली असते.

या वस्तूंचा उगम यात्रेत आहे. बोधगया येथील महाबोधी मंदिराच्या दगडी लघुप्रतिकृती तिबेट, नेपाळ व म्यानमार येथे सापडल्या असून त्यांपैकी अनेक अकराव्या-बाराव्या शतकांतील मानल्या जातात. १८८० च्या सुमारास या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा अवशेषांत मिळालेल्या अशाच एका प्रतिकृतीचा मूळ रचना ठरविण्यास उपयोग झाला. यूरोपात कँटरबरी येथे टॉमस बेकेट या धर्मगुरूचा ११७० मध्ये वध झाल्यानंतर तेथे यात्रेकरूंची रीघ लागली व शिसे-कथलाचे ओतीव बिल्ले विकले जाऊ लागले. आधुनिक काळात नगरचिन्हाने देवस्थानाची जागा घेतली. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यासाठी निधी उभारताना १८८५ मध्ये पुतळ्याची सहा इंची प्रतिकृती एका डॉलरला व बारा इंची पाच डॉलरला विकण्यात आली. म्हणजे मूळ पुतळा उभा राहण्यापूर्वीच त्याची स्मृतिवस्तू घरोघर पोहोचली. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या (१८८९) प्रतिकृती करण्याचा एकाधिकार प्रथम झालूझो या व्यापाऱ्यास मिळाला होता; तथापि इतर कारागिरांच्या विरोधामुळे तो टिकला नाही. स्थळाच्या आकृतीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून या व्यवसायाबरोबर चालत आला आहे.

महाराष्ट्रात पंढरपूरची तुळशीची माळ, बुक्का व लाह्या-चुरमुऱ्यांचा प्रसाद या अर्थाने जुन्याच स्मृतिवस्तू होत. पुण्याची चित्रशाळा (१८७८) व राजा रविवर्मा यांचा मुंबईत सुरू झालेला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविलेला शिळाछापखाना (१८९४) यांमुळे देवादिकांच्या रंगीत तसबिरी स्वस्त झाल्या आणि क्षेत्राची आठवण भिंतीवर टांगता येऊ लागली. १९२४ मध्ये पूर्ण झालेली मुंबईची गेट वे ऑफ इंडिया ही वास्तू चित्रपत्रांवर व धातूच्या ठशांवर सतत दिसते, याचे कारण तिची सुटसुटीत बाह्यरेषा. कमान व चार बुरूज एवढे रेखाटले तरी ओळख पटते. अजिंठ्याच्या लेण्यांस हे साधत नाही. स्मृतिवस्तू होण्यासाठी स्थळ केवळ थोर असून भागत नाही, ते लहान केल्यावरही ओळखू यावे लागते.

या दृष्टीने चंद्रपूर व गडचिरोली हे वनजिल्हे विचारात घेण्याजोगे आहेत. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले आहे. वैनगंगेच्या काठचा मार्कंडा येथील मंदिरसमूह शिल्पांसाठी विख्यात आहे. तथापि आकृतीच्या ठसठशीतपणात चिमूरची बरोबरी यांपैकी कोणी करील असे वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी श्रीहरी बालाजीचे मंदिर असून माघ महिन्यात तेथे ‘घोडायात्रा’ भरते. यात्रेच्या मुख्य रात्री देवाची स्वारी लाकडी घोड्यावरून गावातून निघते. तिला ‘रातघोडा’ म्हणतात. येथे गावाची खूण शिखर किंवा कमान नसून वर्षातून एकदा रस्त्यावर येणारे वाहन आहे. एरव्ही चिमूरला जाणाऱ्यास मंदिर दिसते, परंतु ज्या नावाने यात्रा ओळखली जाते ती मिरवणूक दिसत नाही. लहान लाकडी घोडा घरी नेता आला, तर ती उणीव भरून निघेल. यात्रेतील दुकानांत मात्र कोणत्याही जत्रेत मिळणारे बत्तासे, रेवड्या, बांगड्या, तसबिरी व खेळणी यांचाच भरणा असतो.

वस्तुतः घोड्याची लहान आकृती घडविणे मध्य भारतात नवीन नाही. गोंड व इतर समाजांत ग्रामदैवतास मातीचे घोडे वाहण्याची चाल आहे. त्यांची दिशा मात्र उलटी असते : स्मृतिवस्तू माणूस स्थळाकडून घरी नेतो, तर नवसाचा घोडा घरून आणून स्थळी ठेवतो व परत जाताना हात रिकामे असतात. आपल्याकडील अनेक देवस्थानांत दिसणारे चांदीचे डोळे व पाळणे याच प्रकारचे. देवास वाहिलेली वस्तू परत नेऊ नये या भावनेमुळे ज्या आकृतीत कारागिराचा हात बसलेला असतो तीच आकृती विक्रीस ठेवण्याचा विचार सहसा होत नाही. कुंभाराने घोडा करावा तो देवासाठी, गिऱ्हाइकासाठी मडकी व पणत्या, अशी विभागणी पडून गेली. ती ओलांडण्यात श्रद्धेस बाधा येते असे मानण्याचे कारण नाही. बोधगयेच्या प्रतिकृती भाविकांनीच नेल्या होत्या.

चिमूरचे दुसरे स्मृतिस्थळ १९४२ च्या लढ्याशी निगडित आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी येथे उठाव होऊन गोळीबारात बालाजी रायपूरकर हे हुतात्मा झाले. त्यानंतरच्या दडपशाहीची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. या दिवशी दरवर्षी तेथे लोक जमतात ते अभिवादनासाठी. अशा स्थळाची आठवण वस्तूपेक्षा पुस्तकाने व छायाचित्राने राखावी, हेच उचित.

या प्रदेशातील बाजार आज व्यापला आहे तो वाघाने. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये स्थापन झाले. अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर होऊन १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचे कोलारा प्रवेशद्वार चिमूर तालुक्यात आहे. वाघाचे चित्र छापलेले सदरे, टोप्या, पेले व चाव्यांची कडी यांस प्रवाशांकडून मोठी मागणी असते. परंतु अशा छापील मालातील नाव बदलले की तोच माल अन्य व्याघ्रप्रकल्पातही खपतो. ताडोबा हे नाव ज्या तारू या देवतेवरून पडले तिचे ठाणे तलावाकाठी आहे व पौष महिन्यात तेथे आदिवासींची यात्रा भरते, ही गोष्ट सदऱ्यावरील वाघ सांगत नाही.

स्थानिक कच्चा माल आहे तो मुख्यतः बांबू. बुरूड समाजाचे कारागीर त्यापासून सुपे, टोपल्या, परड्या व चटया विणतात. परंतु वनखात्याच्या नियमांमुळे बांबू मिळविणे हीच त्यांची दीर्घकाळची अडचण राहिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला व २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. २०१७ मधील दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे शासनाने २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. टोपलीचा दर गावच्या गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर ठरतो. प्रवासी हाच कारागीर घडवील त्या शोभेच्या वस्तूस वेगळा दर देऊ शकतो, म्हणून स्मृतिवस्तूचा प्रश्न येथे केवळ हौसेचा राहत नाही.

आकृतीवरील हक्काचे कायदेशीर रूप अलीकडे पालटत आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या वास्तूच्या आकृतीस २०१७ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळाली. भारतातील एखाद्या वास्तूस मिळालेली ही पहिलीच अशी नोंदणी होय. व्यापारचिन्ह सामान्यतः एका मालकाचे असते. १९९९ च्या कायद्यान्वये होणारी भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मात्र त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांस उपयोगी पडते. वारली चित्रकलेस ती २०१४ मध्ये मिळाली. ही नोंदणी ज्या वस्तूचा गुण वा लौकिक विशिष्ट प्रदेशाशी निगडित आहे तीसच मिळू शकते. चिमूरच्या घोड्याच्या बाबतीत त्यासाठी प्रथम तो गावातच घडविणारे हात व विकणारे दुकान असावे लागेल.