संत्रा, तूर आणि शेजार

वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. तिथला आयातकर 2019 मध्ये किलोमागे 20 रुपयांच्या आसपास होता, 2023 मध्ये तो 88 वर गेला आणि अमरावतीच्या बागांमधले भाव पडले. ढाक्याला डॉलरची चणचण होती, यात दिल्लीचा काय दोष, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण 2019 आणि 2020 मध्ये भारतानेही कांद्याची निर्यात एकाएकी थांबवली होती. असा शेजारी सवलत मागायला जातो तेव्हा त्याचा शब्द हलका पडतो. निम्म्या कराएवढं अनुदान शेवटी राज्य सरकारला जाहीर करावं लागलं. याउलट म्यानमारकडून वर्षाला 1 लाख टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार 2021 मध्ये झाला. शेजाऱ्याला त्यातून भरवसा मिळाला, अकोल्याच्या डाळ मिलना माल. वऱ्हाडातल्या तूर उत्पादकाला मात्र ऐन हंगामात भावाची धास्ती.