सैल असावे, गबाळे नसावे

उन्हाळा तोंडावर आला की आपण घराची तयारी करतो. नवा माठ आणतो, गोठ्यावर पाचट टाकतो, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावतो. पण ज्या अंगाला हा उन्हाळा सोसायचा, त्या अंगावर काय घालावे याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? शेतात राबणाऱ्या आपल्या आजोबांनी तो केला होता. सैल पैरण, सुती धोतर, डोक्याला पागोटे आणि खांद्यावर उपरणे, असा त्यांचा पोशाख होता. नातू शिकला, कचेरीत गेला आणि वैशाखात घट्ट विजार नि चकचकीत टेरिकॉटचा सदरा घालून घामाघूम होऊन बसला.

आज कचेरीतल्या पोशाखाचे दोन प्रकार दिसतात. काही ठिकाणी नियम आहे. उदाहरणार्थ, मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या आणि जीन्स व टी-शर्ट शाळेत नकोत असे सांगितले. दुसरीकडे नियमच नाही. तुमच्या गावचा एखादा मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन पुण्याला, हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरीस लागते. पहिल्याच दिवशी तिथला वरिष्ठ सांगतो, "इथे काहीही घाला, आमचे काही म्हणणे नाही." ऐकायला हे सोपे वाटते. पण नियम असला की तो पाळला म्हणजे सुटका होते. नियम नसला की आपल्यालाच ठरवावे लागते. शेजारचा अर्ध्या चड्डीत येतो, पलीकडचा हजारो रुपयांचा सदरा घालतो. आपल्या पोराने काय करावे? ते बिचारे कधी उधारीने महागडे कपडे घेते, तर कधी मे महिन्यातही जाड जीन्समध्ये उकडून निघते.

हा प्रश्न सोडवायला आधी एक गोष्ट समजून घेऊ या. आपले अंग थंड कसे राहते? हवा कातडीपेक्षा गार असेल तर अंगातली उष्णता हवेत निघून जाते. पण कातडीचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४४ अंशांवर चढतो, तेव्हा हवाच आपल्याला तापवू लागते. मग एकच वाट उरते, ती म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. विहिरीच्या आठ लिटर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागेल, जवळजवळ तेवढी. मात्र लक्षात ठेवा, हे काम वाळणारा घाम करतो. कपाळावरून टपकून खाली पडलेला घाम वाया गेला. तेव्हा घामाला वाळू देतो तो उन्हाळ्याचा कपडा चांगला, मग त्याची किंमत काहीही असो.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा आणि दोन्हींना सावलीत वारा घाला. विदर्भात भर उन्हाळ्यात दोहोंच्या पाऱ्यात १५ ते २० अंशांचाही फरक पडतो. कोकणात किनाऱ्यालगत तो पाच-सहा अंशांवरच थांबतो. का? तिथली हवा आधीच ओलसर. तिला आणखी ओल नको असते.

यातून पोशाखाचा पहिला धडा निघतो, तो असा की उन्हाळा सगळीकडे सारखा नसतो. कोरड्या उष्ण मुलखात अंग झाकावे. पूर्ण बाह्यांचा सैल, पातळ सुती सदरा घालावा. बाहेर पडताना डोके, कान आणि मान दुपट्ट्याने किंवा उपरण्याने गुंडाळावी. कारण तिथे ऊन आणि झळ हेच शत्रू. दमट मुलखात वारा अंगाला लागू द्यावा. आखूड बाह्या, मोकळा गळा आणि पातळ वीण तिथे बरी. शक्य असेल तर एक जादा सदरा पिशवीत न्यावा. ओला झालेला सदरा दुपारी बदलला की माणूस ताजातवाना होतो.

आता कापडाकडे वळू. कापूस हवेतली ओल स्वतःत सामावून घेतो. आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी त्यात एरवीही असते. पॉलिएस्टरमध्ये ते अर्धा टक्काही नसते. म्हणून पॉलिएस्टरचा घट्ट विणलेला सदरा घाम शोषत नाही, अंगावर चिकटून राहतो आणि त्याला वासही लवकर येतो. त्याची बाजूही सांगायला हवी. तो टिकतो, लवकर वाळतो, त्याला इस्त्री लागत नाही, आणि म्हणूनच गरिबाघरी तो आला. खेळाडूंच्या जाळीदार बनियनची गोष्टही वेगळी. ती घाम पसरवून वाळवण्यासाठीच विणलेली असते. पण रोज आठ तास खुर्चीवर बसायचे, तर मलमल, वायल, पातळ पॉपलीन किंवा खादी यांना तोड नाही. खादीचे सूत हाताने कातलेले, वीण हातमागाची. तिच्यातून वारा खेळतो.

दुकानात कापड पारखण्याची एक साधी रीत आहे. कापड उजेडासमोर धरा आणि तोंडाजवळ नेऊन फुंकर मारा. फुंकर पलीकडच्या तळहाताला लागली, तर वाराही आतबाहेर करील. घरी आल्यावर शिवणीतला एक धागा काढून जपून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते; पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. आणखी एक. सुती कपड्याला उन्हाळ्यात कडक खळ घालू नका. खळीने विणीतली भोके बुजतात आणि घेतलेल्या कापडाचा गुणच जातो.

बायकांच्या पोशाखाविषयी थोडे अधिक बोलायला हवे, कारण त्यांच्या अंगावर कापडाचे थर अधिक असतात. साडी सुती घेतली आणि आतला परकर नायलॉनचा राहिला, तर निऱ्यांच्या जागी घामोळे ठरलेलेच. साडीइतकाच परकरही सुती हवा. कुर्त्याला कृत्रिम धाग्याचे अस्तर लावण्यापेक्षा मुळात किंचित दाट विणीचे फिक्या रंगाचे कापड घ्यावे. अंगही झाकते आणि एक थर वाचतो. कचेरीच्या मर्यादेचा सारा भार बायकांच्याच कपड्यांवर टाकायची आपल्याला सवय आहे. ती बरी नव्हे. बटणे उघडी टाकून बसणाऱ्या पुरुषालाही तीच मर्यादा लागू आहे.

मर्यादा म्हणजे तरी काय? कोणी म्हणेल, मर्यादा म्हणजे कोट आणि टाय. पण तो पोशाख थंड मुलखातून आपल्याकडे आला. आपल्या वकिलांच्या काळ्या कोटालासुद्धा उन्हाळ्यात, सर्वोच्च व उच्च न्यायालये सोडून, इतर न्यायालयांत सक्ती नाही. जपानसारख्या शिस्तप्रिय देशानेही हा विचार केला. २००५ साली तिथल्या सरकारने कचेऱ्यांना सांगितले की, उन्हाळ्यात टाय नको, कोट नको आणि वातानुकूलन २८ अंशांवर ठेवा. या मोहिमेला त्यांनी 'कूल बिझ' असे नाव दिले. खुद्द मंत्री टायवाचून दिसू लागले, तेव्हा कारकुनांचा संकोच गेला. वीजही वाचली. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून वातानुकूलन यंत्रे २४ अंशांवर लावलेली येऊ लागली, त्यामागचा हेतूही विजेच्या बचतीचाच होता. कपडे शहाणपणाचे असतील तर खोली थंडगार करावी लागत नाही. आणि कचेरी फारच गार असेल, तर खुर्चीवर एक सुती उपरणे किंवा पातळ शाल ठेवावी. त्यासाठी वाटेभर जाड कपड्यात शिजण्याचे कारण नाही.

तेव्हा हिंजवडीला निघालेल्या आपल्या मुलाला किंवा मुलीला काय सांगाल? कपडे सैल असावेत, गबाळे नसावेत. सैलपणा अंगाच्या सोयीसाठी असतो. गबाळेपणात समोरच्या माणसाची पर्वा नसते. सदरा खांद्यावर नीट बसलेला, पण काखेत आणि पोटाशी मोकळा असावा. त्याचा रंग फिका असावा आणि बटणे जागच्या जागी. वहाणा मोकळ्या चालतील, पण पुसलेल्या हव्यात. घामाचा सदरा घरी येताच साध्या पाण्यातून काढून वाळत टाकावा. रात्रभर चुरगळून ठेवला की डाग आणि वास दोन्ही मुरतात. सुती सदरे चार आणि विजारी दोन, एवढ्यावर अख्खा उन्हाळा निघतो. शेजारी काय घालतो ते पाहण्यापेक्षा, उद्या आपल्या टेबलाशी एखादा वयस्क माणूस काम घेऊन आला तर त्याला आपल्याशी बोलताना अवघड वाटेल का, एवढे स्वतःला विचारावे. नियम नसलेल्या कचेरीत हाच नियम पुरेसा आहे.

आणि शिक्षकहो, शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. आपले कपडे आपण निवडतो. मुलांचे मात्र त्यांच्यासाठी कोणीतरी निवडलेले असतात. पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मुलाच्या अंगावर घट्ट विणीचा पॉलिएस्टरचा गणवेश असेल, तर दुपारच्या तासाला ते पेंगते, चुळबुळ करते आणि आपण त्याला आळशी म्हणतो. गणवेशाचे कापड ठरवायची संधी शाळा व्यवस्थापन समितीला मिळेल, तेव्हा भाव विचारण्याआधी नमुन्याचा तुकडा हातात घ्या आणि त्यातून एकदा फुंकर मारून पाहा. वारा पलीकडे जात नसेल, तर ते कापड दुकानदाराला परत करा.