गच्चीवरचा उन्हाळा

होळी झाली, की मराठी घरात उन्हाळ्याची पहिली चाहूल स्वयंपाकघराला लागते. गहू भिजत पडतात, सोऱ्या शोधला जातो आणि गच्चीच्या किल्लीची चौकशी सुरू होते. वाळवणाचे दिवस आलेले असतात.

कुरडयांचेच पाहा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग वाटून चीक काढायचा. तो रात्रभर ठेवून वरचे पाणी ओतून टाकायचे आणि पहाटे शिजवायचा. गुठळी न होता चीक घाटणे हे एकटीचे काम नव्हे. म्हणून शेजारणी पाळीपाळीने एकमेकींकडे जात. कावळे हाकलायला मुले असत. (निम्म्या ओल्या पापड्या तीच फस्त करीत, हा भाग वेगळा!)

एवढा खटाटोप कशासाठी? चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात पदार्थातील पाणी निघून गेले, की बुरशीला वाव राहत नाही. पावसाळ्यात भाजी महागली, तरी ताटात तोंडीलावणे असे.

या घरगुती कौशल्याला बाजारात दाम मिळतो, हे गिरगावातील सात महिलांनी दाखवून दिले. मार्च १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन त्यांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. त्यातूनच ‘लिज्जत’ उभा राहिला.

आता अनेक सोसायट्यांच्या गच्चीला कुलूप असते. नोकरी करणाऱ्या सुनेकडून तीन दिवसांच्या चिकाची अपेक्षा करणे तर अन्यायच. बचत गटांच्या कुरडया उत्तम असतात. फक्त वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून खायचा, तर एखाद्या जुन्या वाड्यातच चौकशी करावी लागते.